कवेलू, कमान आणि दौलतरावांचं नाव

संपादकांनी मला विषय दिला, 'वास्तुशिल्पातील माझी वाटचाल'. विषय भारदस्त आहे. अडचण एवढीच, की नागपुरात आर्किटेक्ट स्वतः चालत नाही, गिऱ्हाईक त्याला ढकलत नेतं. साठच्या दशकात मी मुंबईहून शिकून परत आलो आणि सीताबर्डीवर एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर पाटी लावली. पाटी वाचून पहिले गृहस्थ वर आले ते मुलीच्या चित्रकलेच्या शिकवणीसाठी. दुसऱ्यांना नकाशा आधीच काढून मिळाला होता, फक्त म्युनिसिपालिटीतून 'पास' करून हवा होता. तिसरे आले ते खाली दुकान बंद होतं म्हणून. मी तिघांनाही चहा पाजला. नव्या माणसाने उद्धटपणा करू नये, असं वडिलांनी बजावलं होतं.

पुढे कामं मिळाली. ती कशी मिळाली हे सांगत बसलो तर अंक जाहिरातींसकट भरेल. मी आपला एका छपराची हकीकत सांगतो. पण त्याआधी बाहेरगावच्या वाचकांना आमचा धंदा थोडा समजावून द्यायला हवा.

नागपुरात घर बांधणं म्हणजे उन्हापासून लपायची जागा करणं. त्याच्या युक्त्या जुन्या आणि साध्या आहेत. भिंत जाड घ्यायची, शक्यतो चुन्यात बांधायची. छप्पर उंच करायचं. पश्चिमेकडे घराने तोंड करायचं नाही, उत्तर-दक्षिणेला रुंद ओसरी ठेवायची. छपरावर कवेलूंचे, म्हणजे भाजलेल्या मातीच्या कौलांचे, दोन थर द्यायचे, मधे हवा खेळू द्यायची आणि आढ्याशी गरम हवा निसटायला फट ठेवायची. एवढं केलं की मे महिन्यातही माणूस दुपारी घरात झोपू शकतो. आता याला परिषदांमध्ये 'पर्यावरणपूरक' म्हणतात आणि ते सांगणाऱ्याला शाल देतात. त्या काळी याला मागासलेलं म्हणत आणि ते सांगणाऱ्याचं काम काढून घेत.

कारण सगळ्यांना हवा होता स्लॅब. सपाट, सिमेंटचा, लोखंड घातलेला. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि घेतलेलं ऊन रात्री इमानाने खालच्या माणसाला परत करतो. त्यामुळे स्लॅबच्या घरात राहणारं कुटुंब दिवस मावळला की गाद्या घेऊन स्लॅबच्या वर जाई. खाली पेट्या, कपाटं आणि देव असत, वर माणसं. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तर पश्चिमेची अख्खी भिंत काचेची मागितली. कुठल्याशा विलायती कॅलेंडरवर त्यांनी तसं घर पाहिलं होतं, बर्फातलं. मी म्हटलं, "त्या घराला ऊन हवं होतं हो." ते म्हणाले, "आमचे व्याही समोरच राहतात. त्यांना दिसलं पाहिजे." पुढे त्या काचेला आतून घोंगड्या टांगल्या गेल्या आणि व्याह्यांना त्या दिसू लागल्या.

तर ती छपराची हकीकत.

सत्तरच्या दशकात एकदा एप्रिलच्या दुपारी डॉ. मेश्राम नावाच्या बाई माझ्या ऑफिसात आल्या. बाई नागपूरच्याच, वडील गिरणीत कामाला होते. पहिल्या नंबराने डॉक्टर होऊन या बाई शहरात दवाखाना न घालता कुहीकडे, धानाच्या गावात, बायकांची बाळंतपणं करत राहिल्या होत्या. भाड्याची खोली होती, वर टिनाचे पत्रे. मी नेहमीप्रमाणे कागद पुढे ओढून विचारलं, "बिल्डिंग कशी हवी?"

"मले बिल्डिंग नाई पाह्यजे," बाई म्हणाल्या. "मले थंडी खोली पाह्यजे. नवतप्यात जन्मलेलं लेकरू सकाळी चांगलं राह्यते, दुपारी तापते, अंगावर घ्यायचं सोडते. मी ओल्या फडक्यानं पुसत बसतो. कधी पुरते, कधी नाई पुरत. छप्पर तुमचं काम आहे न, मंग तुम्ही करा."

नवतपा म्हणजे मे अखेरचे आमचे नऊ दिवस. तेव्हा कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. 'कधी नाई पुरत' हे बाईंनी ज्या आवाजात सांगितलं, तो ऐकून मी पुढे ओढलेला कागद बाजूला सारला. तोवर माझ्याकडे लोक दिवाणखाना मागायला येत, पोर्च मागायला येत. लेकरू जगवणारं छप्पर कुणी मागितलं नव्हतं. मला अभिमानही वाटला आणि भीतीही वाटली.

जागा आणि बांधकाम देणारे होते दौलतराव. गावातल्या धानाच्या गिरणीचे मालक, अंगाने भरलेले, मनाने मोकळे, बोलायला गोड. त्यांना आईच्या स्मरणार्थ काहीतरी करायचं होतं. मी जागा पाहायला गेलो, तर आधी त्यांनी स्वतःचं नवं घर दाखवलं. अर्थात स्लॅबचं. वर कठडा, कठड्यावर सिमेंटचा मोर, मोराखाली ठळक अक्षरांत दौलतरावांचं नाव. जेवण झाल्यावर घामाने निथळत आम्ही बैठकीत बसलो. थोड्या वेळाने दौलतराव म्हणाले, "चला साहेब, जरा बैलं पाहून येऊ."

गोठा मागच्या अंगाला होता. जाड मातीच्या भिंती, वर जुनं कवेलू. आत पाऊल टाकलं आणि जिवात जीव आला. बैल होते. बैलांशेजारी एक खाट होती, खाटेवर उशी होती, उशाशी सुरई, पानाचा डबा आणि रेडिओ होता. बैलांना बातम्या ऐकायची आवड असावी. दौलतराव खाटेवर टेकले आणि म्हणाले, "दुपारी मी इथंच राहतो. ढोरावर नजर ठेवा लागते न." मी होकार दिला. बैल कुठे पळून जाण्याच्या बेतात दिसत नव्हते.

मला वाटलं, काम सोपं झालं. हा माणूस रोज दुपारी कवेलूखाली झोपतो, त्याला काय समजवायचं? मी नकाशा केला. चुन्यातल्या जाड भिंती, दोन्ही अंगांना ओसरी, वर दुहेरी कवेलू, आढ्याला फट. नकाशा घेऊन डॉक्टरबाई आणि मी गिरणीत गेलो. दौलतरावांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"हा तं तुम्ही गोठाच काढला, साहेब."

"गोठ्यात गार वाटतं ना तुम्हाला?"

"गोठ्यात थंडं वाटते म्हणून माह्या मायच्या नावाचा दवाखाना गोठ्यावानी करू?" त्यांचा चेहरा पडला. "स्लॅब टाका. लोकं काय म्हणतीन?"

बाईंनी लेकरांचं सांगितलं. मी उष्णतेचं सांगितलं, बोटांनी हवेचे झोत काढून दाखवले. दौलतराव सगळं ऐकत होते, मान डोलवत होते आणि शेवटी पुन्हा स्लॅबवर येत होते. मग मी निघायच्या तयारीत असताना ते जरा लाजत म्हणाले, "अन् कवेलूवर नाव कुठी टाकसान?"

घोडं तिथं अडलं होतं. स्लॅबला कठडा असतो आणि कठड्यावर नाव लिहिता येतं. उतरत्या छपराला कठडा नसतो. विदर्भातली निम्मी घरं तव्यासारखी तापतात ती मोर आणि नाव बसवायला सपाट जागा हवी म्हणून, हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मी परत बसलो. नकाशाच्या पाठीवर फाटकाच्या जागी एक कमान काढली. कमानीवर स्लॅब टाकला, स्लॅबवर कठडा घेतला. दोन बाजूंना सोंडा वर केलेले हत्ती काढले, मधे कमळ आणि उगवता सूर्य. त्याखाली दौलतरावांच्या आईचं नाव आणि त्याच्या दुप्पट अक्षरांत दौलतरावांचं. आयुष्यात ज्या ज्या गोष्टींना मी नाकं मुरडली होती, त्या सगळ्या मी तिथे एकत्र बसवल्या. डॉक्टरबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, की जणू मलाच ताप चढला असावा.

"हे रस्त्यावरून दिसेल," मी म्हटलं. "एसटीतून सुद्धा."

"एसटीतून?" दौलतरावांनी कागद जवळ घेतला. "हत्ती अजून मोठे होतीन का?"

"होतील."

"मंग झाली न बिल्डिंग! आत काय टाकाचं ते टाका तुम्ही."

अशा रीतीने त्या दवाखान्याला कवेलू मिळालं. बांधकाम झिबल नावाच्या मिस्त्रीने केलं. चुन्याचं काम म्हणजे वेळखाऊ प्रकरण. चुना भिजवा, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घाला, बैलांच्या घाण्यात दळा, बांधलेली भिंत दिवसेंदिवस ओली ठेवा. झिबलचा हात इतका चांगला होता की गिलाव्यावर बोट घसरायचं. पण मनापासून तो सिमेंटचा भक्त. "चुन्यात जीव जाते, साहेब," तो रोज म्हणायचा. "सिमिट कसं, आज टाकलं, उद्या गोटा." पुढे त्याने स्वतःचं घर बांधलं ते स्लॅबचं, आणि घरभरणीला मला आग्रहाने बोलावलं. आम्ही सगळे बाहेर लिंबाच्या झाडाखाली जेवलो. घर छान झालं होतं, असं मी झाडाखालूनच सांगितलं.

दवाखान्याचं उद्घाटन ऐन मे महिन्यात ठेवलं, पाहुण्यांना तीच तारीख सोयीची होती म्हणून. भाषणं कमानीसमोर झाली. पाहुणे, दौलतराव आणि निम्मं गाव उन्हात उभं राहून हत्तींचं कौतुक करत होतं. आत दोन बाळंतिणी होत्या. मी आत गेलो तेव्हा डॉक्टरबाई भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी हात काढला आणि दुसऱ्या जागी लावला, जणू एखादी भिंत फसवेल अशी शंका होती. पाळण्यातलं लेकरू मूठ आवळून झोपलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, "झोपून राहिलं, साहेब. दुपारचं झोपून राहिलं."

मला आजवर जी काही मानपत्रं मिळाली त्यांतलं हे सगळ्यात लहान. बाकीची कपाटात आहेत; हे मात्र मी विसरलेलो नाही.

त्यानंतर त्या बाजूने मला कामं येऊ लागली. सगळी कमानींची! एका शाळेला हत्तीऐवजी सिंह हवे होते, एका बाजार समितीला बैलजोडी. दवाखान्याचं छप्पर पाहायला मात्र कुणी आलं नाही. कुही भागात मला आजही 'कमानवाले साहेब' म्हणतात. मी हल्ली त्यांची चूक दुरुस्त करत नाही.

ऐंशीचं दशक लागल्यावर दौलतराव वारले. कारभार त्यांचा मुलगा मनोहर पाहू लागला. गोठ्यातले बैल गेले, ट्रॅक्टर आला. एक दिवस मनोहर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाबूजीचं नाव कमानीवर आहे, पण एसटीवाले तिथंच पान थुकून राहिले. नाव दवाखान्यावर पाह्यजे. कवेलू काढून स्लॅब टाकू, वर कठडा घेऊ."

मी नाही म्हटलं. पहिल्यांदा समजुतीने म्हटलं, मग आवाज चढवून म्हटलं. डॉक्टरबाई त्याच्याशी महिनोन् महिने भांडल्या. पण ट्रस्ट त्याचा, जागा त्याची. आणि वडिलांवर त्याची माया खरी होती, तिच्याशी भांडणं फार अवघड. त्याने दुसऱ्या कुणा ओव्हरसियरकडून काम करून घेतलं. दवाखान्यावर स्लॅब पडला, कठड्यावर हातभर उंचीची अक्षरं उमटली. उतरवलेलं कवेलू आणि सागाचे वासे वाया जाऊ नयेत म्हणून मनोहरने घरी नेले आणि जुन्या गोठ्याचं फुटकं छप्पर काढून, गोठा वाढवून त्यावर ट्रॅक्टरसाठी शेड शाकारली. लेकरं सिमेंटखाली गेली आणि ट्रॅक्टर दुहेरी कवेलूखाली आला. मला फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण नुसतं वाईट वाटलं.

वॉर्डात कूलर बसवले. कूलर चांगली वस्तू आहे, लाइन, म्हणजे वीज, असेपर्यंत. मे महिन्यात लाइन जाई तीसुद्धा दुपारची, आणि मग कूलर म्हणजे खिडकी अडवून बसलेली टिनाची पेटी. बाईंची ओली फडकी पुन्हा बाहेर निघाली.

पुढचं मला बाईंनीच सांगितलं. त्याच वर्षी नवतप्यात मनोहरची बायको त्याच वॉर्डात बाळंत झाली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली, पोर तापली आणि दूध घेईना. मनोहर बाहेर येरझाऱ्या घालत होता. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मनोहरभाऊ, या खोलीत मी हे लेकरू ठेवत नाई."

"मंग नागपूरले नेतो. जीप काढतो."

"या उन्हात? वाटेतच जाईन ते. गावात थंडी जागा कुठी आहे, ते सांगा."

 मनोहरला जागा माहीत होती. तोही रोज दुपारी तिथेच पडत असे, त्याच खाटेवर, वडिलांचाच रेडिओ उशाशी घेऊन. गावातलं सगळ्यात भारी घर असलेल्या माणसाला ते तोंडाने म्हणायचं होतं, म्हणून वेळ लागला.

"गोठ्यात," तो म्हणाला.

ट्रॅक्टर उन्हात काढला. जमीन धुतली, दारावर वाळ्याची ताटी लावून पाणी मारलं. मनोहरची आई सुनेला म्हणाली, "ऊठ वं, चाल. बुढ्याची जागा आहे ते, भेऊ नको." बाई दुपारभर खाटेजवळ बसल्या. दिवस कलता कलता पोरीने दूध घेतलं.

पंधरवड्यानंतर मनोहर माझ्या ऑफिसात आला, सोबत डॉक्टरबाई. बसला, पाणी प्यायला, मग विचारलं, "साहेब, स्लॅबवर कवेलू चढते का?"

"चढतं," मी म्हटलं. "स्लॅबवर वासे उभे करायचे, मधे हवा ठेवायची. आधीपेक्षाही गार होईल. पण छप्पर भिंतीच्या बाहेर यायला हवं. कठडा आडवा येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कठडा फोडावा लागेल."

 कठडा म्हणजे वडिलांचं नाव, आणि ते त्याने स्वतः उभं राहून कोरून घेतलं होतं. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मला तिरकस बोलायची सवय आहे, एव्हाना तुमच्या ध्यानात आलंच असेल. पण त्याचं तोंड पाहून मी ते सगळं गिळलं.  खाली रस्त्यावर संत्र्याचा रस विकणाऱ्याची घंटी वाजत होती.

"बाबूजी पुऱ्या गावाले नाव दाखवे," मनोहर शेवटी म्हणाला, "अन् दुपारी स्वतः गोठ्यात जाऊन झोपे. मले लहानपणी वाटे, बैलावर लई जीव आहे बाबूजीचा." त्याने डोळे पुसले आणि जरासा हसला. "फोडा, साहेब. कवेलू माह्याच शेडवर आहे. तेच घेऊन जा."

तेच घेतलं. वासे तेच, कवेलू बहुतेक तेच. म्हातारा झालेला झिबल चुन्याला नावं ठेवत पुन्हा आला आणि त्याने आढ्याची फट मला न विचारता ठेवली. आयुष्यात मी पुष्कळ छपरं घातली, त्यांतली बरीच नंतर लोकांनी काढली. काढून पुन्हा बसवलेलं हे एकच.

पुढच्या मे महिन्यात मी मुद्दाम भर दुपारी कुहीला गेलो. मनोहरच्या घरामागे ट्रॅक्टर उघड्यावर उभा होता, शेडवर नुसते बांबू. माणसाने आता दुपारी झोपावं कुठे, हा प्रश्न होता. दवाखान्याच्या ओसरीत त्याने एकदोनदा खाट टाकून पाहिली होती, पण बायकांच्या दवाखान्यात पुरुष नको म्हणून डॉक्टरबाईंनी खाटेसकट बाहेर काढलं होतं.

फाटकाशी आलो तर कमानीखाली खाट दिसली. हत्तींच्या सावलीत मनोहर तोंडावर दुपट्टा टाकून पडला होता, उशाशी रेडिओ. सावली सरकली की तोही अर्धवट झोपेत खाट सरकवत होता. वर मोठ्या अक्षरांत दौलतरावांचं नाव होतं आणि त्या कमानीचा, ती बांधल्यापासून पहिल्यांदाच, कुणाला तरी उपयोग होत होता. मी त्याला उठवलं नाही. आत गेलो तर डॉक्टरबाईंनी ओठावर बोट ठेवलं. लेकरं झोपली होती.